गव्हाणीतले हुलगे

धोंडाबाईंनी सुनेचं मनगट धरून गव्हाणीतून वर ओढलं तेव्हा तिच्या मुठीत शिजवलेले हुलगे होते, आणि तोंडातही.

"बैलाच्या तोंडचं खातीस व्हय गं?"

तोंडातला घास मुक्तानं आधी गिळून टाकला. पकडलीच गेली होती, तर थुंकून उपयोग काय होता?

चिखलणीचे दिवस होते. कुसगावात घरोघर सकाळी बैलांसाठी हुलगे शिजत. गुडघाभर चिखलात दिवसभर औत ओढायचं तर बैलाच्या अंगात जोर हवा, एवढं शहाणपण सगळ्यांना होतं. बाळंतिणीच्या बाबतीत हेच शहाणपण कुठं गडप व्हायचं, देव जाणे. सासऱ्यानं माळ घातल्यापासून या घरात मासमच्छी शिजली नव्हती. सासरा गेला, नेम राहिला. लढाई सुरू झाल्यापासून गोऱ्या शिपायांमुळं लोणावळ्याच्या हॉटेलांत दुधाला मागणी वाढली होती, तेव्हा म्हशीची धार थेट किटलीत आणि किटली मुक्ताच्या नवऱ्याच्या, महिपतीच्या हातात. उरली कडधान्यं. ती वातूळ, अंगावर पिणाऱ्या पोराला बाधतात, म्हणून धोंडाबाईंनी बंद केलेली. म्हणजे मग भातच. सकाळी पेज, दुपारी भात, सांजेला पुन्हा भात. मुक्ताच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. अडीच महिन्यांची शालू छातीला लागायची, चार घोट ओढायची आणि रडत सुटायची.

पहिला मुलगा असाच रडत रडत तिसऱ्या महिन्यात गेला होता.

"त्याला बी तूच खाल्लंस," धोंडाबाई म्हणाल्या. "चोरून पावट्याची उसळ खाल्लीस आन् वातानं मारलंस माज्या नातवाला."

पावटे तिनं खाल्ले होते, एकदाच, आणि तेव्हा पोर आधीच वाळत चाललं होतं. हे मुक्ताला पक्कं ठाऊक होतं. तरी ते बोलणं कानावर आलं की दर वेळी ती पुन्हा दिवस मोजून बघायची. या खेपेला सुईण बदरुन्निसा तिचे पाय बघून गेली होती. जाताना हळूच म्हणाली होती, "भातानं पोट भरतं गं बाई, दूध न्हाई भरत. दोन घास भाताचे, तर एक घास हुलग्याचा. चोरून खा, पर खा."

धोंडाबाईंनी परड्यातून शेजारच्या रतनबाईला हाक मारली.

"रतने, ये, बघ माजी सून कुटं जेवती."

रतनबाई आली. तिच्यादेखत धोंडाबाईंनी मुक्ताला गव्हाणीशेजारी खाली बसवलं आणि फुटक्या पाटीत दोन ओंजळी हुलगे तिच्यापुढं टाकले.

"खा. रोज सकाळी हितंच बसून खायचं. हिच्या पोरीला वात झाला म्हंजी समद्या गावाला कळंल, माजा नातू कशानं गेला त्ये."

"अगं, पर तान्ही पोर हाय ती," रतनबाई म्हणाली.

"पोरगीच हाय," धोंडाबाई म्हणाल्या.

महिपती किटली घेऊन दारात उभा होता. त्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बायकोकडं, आणि लोणावळ्याची वाट धरली. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी कोण करणार.

मुक्ता रोज गोठ्यात बसून खाऊ लागली. शेजारणी येता-जाता डोकावत, तोंडाला पदर लावत. लाज वाटायची, का नाही वाटणार? पण आठवड्याभरात तिच्या पायांची सूज उतरायला लागली. पंधरा दिवसांनी दुधानं चोळी भिजली, तेव्हा ती गव्हाणीला टेकून एकटीच रडली. शालू पोटभर पिऊ लागली, पिऊन झोपू लागली. तिसरा महिना सरला आणि पोरगी हातपाय झाडत जागच्या जागी राहिली, कुठं गेली नाही.

भाताची रोपं लावून झाली, आवणी उरकली त्या दिवशी धोंडाबाई गोठ्यात आल्या. शालू मुक्ताच्या मांडीवर पडून होती. आंगडं वर सरकलेलं, मांडीला वळ्या पडलेल्या. धोंडाबाईंनी वाकून त्या मांडीला हात लावला. एक वळी चिमटीत धरून पाहिली. मग चटका बसावा तसा हात मागं घेतला. चेहरा पार उतरला होता.

"बैल मोकळं झालं," त्या मुक्ताकडं न बघता म्हणाल्या. "उद्यापास्नं हुलगं शिजायचं न्हाईत. चुलीपाशी बसून भात खा."

"बरं झालं बाई," कुडावरून डोकावत रतनबाई म्हणाली. "सुटलीस गं मुक्ते."

मुक्तानं सासूकडं पाहिलं. त्या हातानं काय ओळखलं होतं ते तिला कळलं: नातू वातानं नाही, आईच्या आटल्या दुधानं गेला होता. हे ओळखून ही म्हातारी जगू शकणार नव्हती, आणि जगायचं म्हणून पुन्हा भातच वाढणार होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "काल पोट धरून रडली बघा ही. वातच हाय."

धोंडाबाई वळल्या. रतनबाईनं गुबगुबीत पोरीकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मुक्ताची नजर तिच्यावर रोखलेली होती. तिनं तोंड मिटलं.

"तुमी म्हनत हुतात त्येच खरं," मुक्ता म्हणाली. शालूचं आंगडं खाली ओढत तिनं पुढचं सगळं म्हटलं. "माजा पोरगा माज्याच पावट्यानं गेला. म्याच मारला त्याला."

एवढी वर्षं हे एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. शिव्या खाऊन नाही, मार खाऊन नाही.

धोंडाबाई मटकन गव्हाणीच्या कडेवर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावरून गेलेलं रक्त परत येत होतं.

"ऐकलंस न्हवं, रतने? मी उगा म्हनत न्हवते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. मग उठल्या, आत जाऊन हुलग्याचं भांडं घेऊन आल्या आणि होतं नव्हतं तेवढं सगळं मुक्ताच्या पाटीत ओतलं.

"खा. तुज्यासाठी वायलं शिजवीन, पर दिवाळीपातूर हेच खाशील."

मुक्तानं पाटी जवळ ओढली आणि खायला लागली. मांडीवर शालू पोटभर पिऊन गाढ झोपली होती.