हॅलोजनच्या मागची माणसं

अकोल्यात ताजनापेठेच्या तोंडाशी फारुखभाईंचं फ्लेक्सचं दुकान आहे. गावात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची कुठल्या समितीवर नेमणूक असो, तो आनंद आधी या दुकानात येतो आणि मगच चौकात लटकतो. फारुखभाईंचा धंद्याचा नियम एकच: तोंडावर सावली नको. फोटो उन्हातला असो, लग्नातला असो, नाहीतर आधारकार्डावरचा. दुकानातून बाहेर पडताना माणूस चारी बाजूंनी सारखा उजळलेला पाहिजे.

हे उजळवण्याचं काम त्यांची मुलगी माहेनूर करायची. तिचा हात असा की पोरं स्वतःच्या बापाला फ्लेक्सवर ओळखत नसत. बाप मात्र स्वतःला लगेच ओळखायचा. आपण असेच दिसतो, याबद्दल त्याला कधीच शंका नव्हती.

फ्लेक्सवर तोंडांचे आकारही ठरलेले. मधोमध साहेब, परातीएवढे. बाजूला साहेबांकडे ऊठबस असलेले, ते बशीएवढे. आणि तळाच्या रांगेत शुभेच्छुक, शर्टाच्या गुंडीएवढे. नवख्याला वाटतं, साहेबांचं तोंड सांभाळावं. फारुखभाईंना माहीत होतं की साहेब स्वतःच्या फ्लेक्सकडे मान वर करून पाहतही नाहीत. भांडायला येतो तो गुंडीएवढा. तो फ्लेक्सला नाक लावून स्वतःला शोधतो, मग दुकानात येतो, आणि येताना आईलाही घेऊन येतो. त्यामुळे माहेनूर तळाच्या रांगेवर अंमळ जास्तच हात फिरवी.

एवढ्या लोकांना तिनं चौकात आणलं, पण तिचं नाव कुठं नव्हतं. फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि अब्बांचा मोबाइल. गुंडीएवढ्या माणसाचंसुद्धा नाव छापलं जातं, आपलं नाही, ही गोष्ट तिला टोचायची. म्हणून ती दर रविवारी एसटीनं अमरावतीला जायची, नीलमताईंच्या क्लासला.

नीलमताई 'रातवा' नावाच्या कॉमिकला रंग द्यायच्या. रातवा म्हणजे दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम आणि अंधार पडला की मुखवटा चढवून छपरावर उभा राहणारा वीर. त्याचा वैरी काजळ्या. काम वाढलं तसं नीलमताईंना हाताखाली एक माणूस हवा झाला. क्लासमधल्या सगळ्यांना त्यांनी एकच पान दिलं: नुसत्या काळ्या रेघा, रंग तुम्ही भरा. ज्याचं पान पास, त्याचं नाव पुढच्या अंकात पहिल्या पानावर.

फारुखभाईंनी ऐकून घेतलं आणि आपली अट घातली. महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली. पान पास झालं तर ठीक, नापास झालं तर रविवार दुकानाचा, आणि रातवा-बितवा बंद. हाजराबींनी, म्हणजे माहेनूरच्या अम्मीनं, मध्ये पडून पाहिलं, पण फारुखभाई अटीच्या बाबतीत पक्के होते. दुकान चालवणाऱ्या माणसाला तसं व्हावंच लागतं.

पान असं होतं: जिनिंगच्या छपरावर रातवा आणि काजळ्या समोरासमोर. डावीकडे खांबावर एकच हॅलोजन. खाली अंगणात, हॅलोजनच्या मागं, बघ्यांची गर्दी.

माहेनूरनं रीतसर सुरुवात केली. कॉम्प्युटरवर रेघांचा लेयर, म्हणजे थर, सगळ्यांत वर ठेवून तिनं त्याला कुलूप लावलं, रेघा चुकून पुसायला नकोत म्हणून. खाली सपाट रंग भरले. मग उजेड-सावलीसाठी नवा लेयर घेतला आणि पेन हातात धरून मनापासून काम केलं. रविवारी पान नीलमताईंच्या स्क्रीनवर उघडलं. रातवा नवरदेवासारखा तुकतुकीत. काजळ्या त्याच्याहून उजळ, गालावर थोडी लालीसुद्धा. दोघांच्या डोक्यामागं मऊ पिवळं तेज. तळाला गर्दी तर अशी, की प्रत्येकजण आत्ताच आंघोळ करून आलेला.

नीलमताईंनी पान मोठं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "माहेनूर, ही मारामारी हाय का सत्कार?"

क्लास हसला. माहेनूरही हसली, पण तिचे कान तापले. नीलमताईंनी समजावलं की कॉमिकमध्ये रंग भरायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: दिवा कुठं आहे. दिवा डावीकडे, तर उजवं तोंड अंधारात. दया-माया नाही. माहेनूरला प्रश्न कळला, पण तो नवीन होता. फ्लेक्सवरच्या माणसाला दिवा लागत नाही, तो आतूनच पेटलेला असतो. नीलमताईंनी पान परत केलं आणि पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर घरातलं एखादं ओळखीचं तोंड समोर बसवून सावली पाहायला सांगितलं.

घरात ओळखीचं आणि रिकामं तोंड एकच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना माहेनूरनं शटर अर्धं ओढलं, अब्बांना स्टुलावर बसवलं आणि टेबललॅम्प डाव्या कानाशी लावला.

फारुखभाई फोटो काढायचा असल्यासारखे बसले. छाती पुढं, हनुवटी वर. लॅम्प जरा समोर घे म्हणाले. माहेनूरनं नाही म्हटलं. मग त्यांनी हळूच स्टूल फिरवून तोंड लॅम्पाकडे वळवलं. तिनं स्टूल परत फिरवलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी दुसऱ्याच्या मर्जीनं बसणं म्हणजे काय, हे फारुखभाईंना कळलं आणि ते थकून स्वतःसारखे बसले. माहेनूर पेन चालवत राहिली. अर्धा गाल निळसर काळा, डोळ्याच्या खोबणीत अंधार, नाकाची सावली ओठापर्यंत.

झाल्यावर फारुखभाई चष्मा लावून स्क्रीनपाशी आले.

"हा कोन हाय?"

"तुमीच अब्बा."

त्यांनी पुन्हा पाहिलं. "मी असा इचार करून राहिल्यासारका दिसतो?"

"दिसता कधी कधी."

ही बातमी त्यांना आवडली असावी, कारण त्यांनी दुकानामागच्या घरातून अम्मीला बोलावून स्क्रीन दाखवली. हाजराबींनी चित्र पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि चित्रातला माणूस बरा असल्याचं सांगून आत गेल्या. फारुखभाई जाता जाता उजवा गाल थोडा, अगदी थोडाच, उजळ करून दे म्हणाले. माहेनूरनं केला नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच होत होतं.

रविवारी फारुखभाईही बसमध्ये चढले. अमरावतीहून मशीनची शाई आणायची असल्याचं त्यांनी सांगितलं. शाई अकोल्यातही मिळते, हे माहेनूर बोलली नाही. मूर्तिजापूर गेल्यावर मात्र त्यांनी विचारलंच, की पास करणारी बाई स्वभावानं कशी आहे.

नीलमताईंनी फारुखभाईंना खुर्ची दिली, चहा दिला आणि पान उघडलं. रातव्याचं अर्धं तोंड हॅलोजनमध्ये पिवळं, अर्धं गडद. काजळ्याचा तर नुसता जबडा आणि एक डोळा दिसत होता. नीलमताईंच्या कपाळावरची आठी गेली. माहेनूरनं श्वास सोडला. मग नीलमताईंचं बोट स्क्रीनच्या तळाशी गेलं.

तिथं गर्दी होती. हॅलोजनच्या मागं, काळोखात उभी. आणि एकूण एक माणूस धुतल्यासारखा चकचकीत.

"यायच्यावर उजेड कुठून येऊन राहिला?"

माहेनूरनं ते मुद्दाम केलं नव्हतं. हात खाली उतरला की आपोआप उजळवायला लागायचा, आणि इतकं बारीक तोंड अंधारातही असू शकतं, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"ताई, खालच्या रांगेतलेच भांडायले येतात," ती म्हणाली.

नीलमताईंना हसू आवरेना. पण पान नापास ते नापास, एवढंही त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाहेर दुसरी मुलं आपापली पानं घेऊन थांबलेली. त्यांनी खुर्ची सरकवली आणि माहेनूरला आत्ता, इथंच, दुरुस्त करायला सांगितलं. झालं तर झालं.

माहेनूर बसली. सावलीचा लेयर उघडला, निळा-काळा रंग घेतला. पहिला माणूस अंधारात गेला. दुसरा गेला. डोक्यावर टोपल्याएवढा हारा घेतलेली बाई गेली. मग एक म्हातारा आला, टोपी घातलेला, तोंड अर्धवट उघडं, कौतुकानं वर बघणारा. तो तळाच्या रांगेतल्या प्रत्येक शुभेच्छुकासारखा दिसत होता. माहेनूरचं पेन त्याच्यावर थांबलं आणि हलेना. नीलमताईंनी दाराकडे पाहिलं, आता पुढच्याला बोलवायचं म्हणून.

चहा पीत बसलेले फारुखभाई उठून पोरीच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी म्हाताऱ्याला नीट पाहून घेतलं, ज्या नजरेनं ते दुकानात गिऱ्हाईक पाहतात तसं.

"टाक त्याच्यावर अंधार," ते म्हणाले. "भांडायले आला तं मी हावो."

माहेनूरनं टाकला. मग उरलेली रांग एका दमात काळोखात गेली, आणि सगळी गर्दी मागं सरून छपरावरचे दोघेच पुढं आले. नीलमताईंनी पान लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, आणि बाहेरच्या मुलांना सांगितलं की बाकीची पानं बघते, पण जागा भरली.

माहेनूरला बोलता येईना. फारुखभाईंना येत होतं. त्यांनी विचारलं, नाव कुठं छापणार. नीलमताईंनी मागचा अंक काढून पहिलं पान दाखवलं: लेखक, चित्रकार, रंग, आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, मदतनीसाची जागा.

फारुखभाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग अंक फ्लेक्ससारखा हातभर लांब धरून पाहिला.

"ताई," ते म्हणाले, "इतकं बारीक? चौकातून कसं दिसन?"

नीलमताईंनी सांगितलं की कॉमिक चौकात लावत नाहीत, हातात धरून वाचतात. फारुखभाईंनी ते मान्य केलं. पण नाव लेखकाच्या वर घेता येईल का, आणि नाहीच जमलं तर बाजूला पोरीचा एक फोटो तरी, हे त्यांनी विचारून घेतलं. फोटो आपल्याकडे तयार आहे म्हणाले, चारी बाजूंनी उजेडाचा.