सरावात लागलं

मंगळवारी एब्बा लांब बाह्यांचा शर्ट घालून सरावाला आली. जूनचं ऊन, बाकीच्या पोरी बाह्या खांद्यापर्यंत दुमडून पळत होत्या.

"एब्बा, बर्फ पडणारे का आज?" कुणीतरी चिडवलं.

सोलवेग हसली नाही. अठरा वर्षं ती बचावफळीत खेळली होती, आता हॅलवीक गावच्या बायकांच्या संघाची प्रशिक्षक होती. फुटबॉल कुठं कुठं मारतो हे तिला पाठ होतं: नडगी, घोटा, मांडी. एब्बाची बाही क्षणभर वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटं आणि एक अंगठा फुटबॉल उमटवत नाही.

"काय झालं गं?"

"सरावात लागलं."

"सराव आत्ता सुरू होतोय, बाई."

एब्बा हसायला गेली आणि फुटलेल्या ओठातून रक्त आलं.

मार्चमध्ये तिच्या दोन बरगड्या मोडल्या तेव्हाही हेच उत्तर होतं. विम्याच्या कागदावर 'सरावात धडक' असं लिहून सही सोलवेगनंच केली होती. गावाची रीतच तशी. भिंतीपलीकडून किंकाळी आली की रेडिओ मोठा करायचा, आणि सकाळी शेजाऱ्याला हवापाण्याचं विचारायचं. याला तिथं सभ्यपणा म्हणतात. त्यातून एब्बाचा नवरा युआकिम म्हणजे क्लबचा हिरा. मैदानाचं गवत तो कापणार, सामन्याला सॉसेज तो भाजणार. असा माणूस बायकोला मारतो हे मान्य केलं, तर सॉसेज भाजणार कोण?

शनिवारी सामन्याच्या मध्यंतराला युआकिम कपडे बदलायच्या खोलीत घुसला.

"खेळायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

एब्बाची वेणी मनगटाला गुंडाळून त्यानं तिचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. एकदा. दोनदा. पोरी भिंतीला चिकटल्या. तिसऱ्यांदा सोलवेग मध्ये पडली. त्याची मूठ तिच्या नाकावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला डोक्याच्या आतून ऐकू आला. तिनं त्याचे गुडघे कवटाळून त्याला फरशीवर पाडलं. मग सात जणी त्याच्यावर बसल्या. एब्बाच्या कानातून रक्त वाहत होतं.

क्लबचा अध्यक्ष बर्टिल बर्फ घेऊन धावत आला. "सोलवेग, शांत हो. चेंडू लागला म्हणू. नवराबायकोचं आहे, त्यांचं ते बघतील."

"पोलिसांना फोन केलाय. रुग्णवाहिकेलाही. सरक, बर्टिल."

ती तशीच बाहेर गेली आणि सामन्यातल्या लॉटरीचे आकडे पुकारायचा माइक तिनं उचलला. हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं.

"मार्चमध्ये एब्बाच्या बरगड्या तिच्या नवऱ्यानं मोडल्या. मला माहीत होतं. मी खोटं लिहून सही केली. आज त्यानं तिचं डोकं फोडलंय. पोलिसांना मी सगळं सांगणार आहे, माझं खोटंसुद्धा. आणखी कुणाला माहीत होतं?"

दीडशे माणसं आपापल्या बुटांकडे बघत राहिली.

एब्बाच्या शेजारची म्हातारी मार्ता कॉफी ओतत होती. तिनं किटली खाली ठेवली. "मला. तीन वर्षं." मग ती बाकावरच्या नवऱ्याकडे, ओरेकडे वळली. "ऊठ की रे, ओरे. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

ओरे उठला. बाकीचे अजून बसून होते.