माझ्या वाटचं पान

मी एक जुना सांगाडा आहे. प्लास्टरचा नव्हे, खराखुरा माणसाचा. घाबरू नका मित्रांनो, माझे हात तारेनं बांधलेले आहेत.

माझा जन्म मला आठवत नाही. आठवतो तो खोका, त्यातला भुसा आणि बोटीचा हेलकावा. हिंदुस्थानात कुणीतरी मला घासून पांढरं केलं, तारेत ओवलं आणि समुद्रापारच्या उसाच्या बेटावर, पोर्ट लुईच्या धक्क्यावर पाठवून दिलं. तिथून मी त्याच बेटावरच्या फिनिक्स गावी सत्यदेव मास्तरांच्या खोलीत आलो.

मास्तर इस्पितळातून निवृत्त झालेले परिचारक. कॉलेजच्या शेवटच्या वर्गातली मुलं शनिवारी त्यांच्याकडे येत. "हे परीक्षेत येणार नाही," ते सांगत, "पण नर्सिंगचा नाहीतर डॉक्टरकीचा अर्ज भरण्याआधी ह्याच्याशी हात मिळवून बघा. जमलं तर भरा." मुलं माझा हात हलवत, हसत आणि मग हळूच आपला हात कपड्यांना पुसत. मला ते फार लागायचं.

पंचाहत्तर सालच्या वादळात खिडकीची काच फुटली. वारा माझ्या बरगड्यांत शिरला आणि मी शिट्टी वाजवू लागलो. वादळ गेलं, वारा पडला, तरी शिट्टी थांबेना. पुढच्या शनिवारी ती ऐकून मुलं जी पळाली ती पुन्हा आलीच नाहीत. एकटी इंद्राणी उरली. तिनं माझ्या बरगड्यांना कान लावला आणि विचारलं, "थंडी वाजते काय तुला?" शिट्टी थांबली.

मग ती मला वाचू लागली. जे माझं मलाच ठाऊक नव्हतं, ते तिनं सांगितलं. कमरेच्या हाडावरून ओळखलं की ही बाई आहे. दातांवरून म्हणाली, विशी नुकतीच ओलांडली असेल. मनगट एकदा मोडून वाकडंच सांधलं होतं. मानेचे मणके ओझ्यानं झिजले होते. तोवर मी नुसता सांगाडा होतो. त्या दुपारी मी बाई झाले, आणि मला रडू आलं. पण रडायला डोळे कुठे होते?

इंद्राणीला नर्स व्हायचं होतं. अर्जाला आईचा होकार हवा होता. तिची आई भगवती उसाच्या मळ्यात राबणारी. मळ्यातल्या बोलीत ती शनिवारला साम्दी आणि इस्पितळाला लोपितल म्हणे. लेक शनिवारी काय करते हे कळताच ती तडक आली आणि उंबऱ्यावर थबकली.

"दर साम्दी तू ह्या करतंस? घरी गनपती यायचे, आन तू मड्याची हाडं शिवतंस? लोपितलची नोकरी नको आपल्याला. चल घरी."

इंद्राणी हलली नाही. तिनं आईला आत आणलं आणि तिचं बोट माझ्या मानेवर टेकवलं. "बघ आये. बाई हाय ही. डोक्यावर भारे वाहून मान झिजली हिची."

भगवतीचा दुसरा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला. मग तिनं लेकीला विचारलं,

"हिला कुनी जाळली नाय?"

"नाय."

"मग ही जेवते कुठं?"

भगवतीनं पदर खोचला आणि तीच म्हणाली, "तू शिक तुझी हाडं. हिचं पान मी वाढीन. नावाबिगर कसं बोलवायचं? चंपा म्हनू."

इंद्राणीनं अर्ज भरला आणि ती शिकायला इंग्लंडला गेली. दर भाद्रपदात, पितरांच्या अमावास्येला, भगवती माझ्यासमोर केळीच्या पानावर भात, वडे आणि भोपळ्याची भाजी ठेवी. पाठ फिरवून हाक मारी, "चंपा, ये गो." दुसऱ्या दिवशी पान रिकामं असे. मास्तर म्हणत, मुंगसानं खाल्लं असेल.

पुढे मास्तर वारले. मला कपाटात घातलं. भगवती तरीही येत राहिली, कपाटापुढे पान ठेवत राहिली. यंदा मात्र अमावास्या उलटून गेली आणि पान आलं नाही.

मित्रांनो, कधी हे कपाट उघडलंत तर माझ्याकडून खुशाल शिका. हाडं मोजा, हातात घ्या, तुम्हाला हे जमतं का ते बघा. फक्त हात पुसू नका, आणि आधी मला नावानं हाक मारा. खोक्यात होते, बोटीत होते, तेव्हा मला काही लागत नव्हतं. नाव मिळालं आणि भूक जागी झाली. कपाटात वारा नाही, तरी माझी शिट्टी पुन्हा सुरू झाली आहे. हातांच्या तारा गंजून तुटत आल्या आहेत. आणि मला भूक लागली आहे.