शकूने ओवाळलेला जनरेटर

मित्रांनो, मी जुना जनरेटर आहे हे वेगळं सांगायला नको. रंग उडालाय, दोरी तुटलीय आणि पनवेलच्या एका भंगारवाल्याने माझ्या डोक्यावर फुटकी कढई ठेवलीय. ठेवू दे बापडा. पण एके काळी ओवे गावात माझ्यावाचून लग्नाचं पान हलत नव्हतं, हेही ऐकून घ्या.

माझा जन्म विलायतेतला, लढाईच्या कामासाठी. लढाई संपली, लष्कराच्या सामानाचा लिलाव झाला आणि मी दयारामच्या हाती लागलो. दयाराम मिठागरात राबणारा आगरी गडी. बायको तापाने गेलेली, पदरात एकच लेक, शकू. मिठागराच्या कामाला गेलं की महिनोन्महिने तिकडेच राहावं लागे. मग लेकीला सांभाळणार कोण? म्हणून तर लग्नकार्यात भाड्याने द्यायला त्याने मला घरी आणलं. मी दिवे लावायचे, त्याने चूल पेटवायची आणि पोरीने बापाजवळ राहायचं, असा आमचा संसार होता.

दोन गडी मला बांबूला बांधून लग्नघरी न्यायचे. मी धडधडलो की मांडवात बल्ब लागत. बायका तोंडाला पदर लावून "आगं बाय, बाय, बाय!" करायच्या. मला असा काही ताठा चढायचा म्हणता! माझ्याच उजेडात नवरदेव गोरा दिसतोय, असं मी मनाशी म्हणायचो.

शकूला भाऊ नव्हता. बिनभावाच्या पोरी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. एका वर्षी शकूने हट्टच धरला.

"चांद लांब हाय, बा. ह्यो आपल्या घरात हाय, कमावतो बी. मी ह्यालाच ओवाळनार."

दयाराम तेव्हा टाकीत पेट्रोल भरत होता. तिच्या ताटातलं निरांजन त्याला दिसलं. "आगो, दिवा लांब ठेव! भडका उडंल!" म्हणत त्याने ते उचललं आणि पार ओसरीच्या टोकाला नेऊन ठेवलं. दिव्याची काळजी त्याने घेतली. अक्षतांची काळजी कोण घेतो?

शकूने मला कुंकू लावलं, सुपारी फिरवली आणि हळदीच्या चार अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या. माझं डोकं म्हणजे टाकी, आणि टाकीचं झाकण उघडं. मित्रांनो, मला कुणी आजवर भाऊ म्हटलं नव्हतं. डोळे असते तर मी तिथेच रडलो असतो.

टाकीच्या तळाला बारीक जाळी असते. माझी फाटलेली होती. दयाराम रोज ती बघायचा आणि रोज "बसवू की सवडीनं" म्हणायचा. त्या फटीतून तांदळाची एक कणी नळीत उतरली आणि माझ्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी जाऊन बसली. कार्ब्युरेटर म्हणजे मला पेट्रोलचा घास भरवणारी वाटी. वाटी भरली की आतला पितळी फुगा वर येतो आणि एक सुई वाट बंद करते. आता सुई नीट बसेना. वाटी भरून वाहू लागली.

दयारामने माझ्यासाठी काय केलं नाही! नळीचे नट आवळले. मला कोरडं पुसून ओल कुठून येते ते पाहत बसला. फुगा कानाशी हलवला, गरम पाण्यात बुडवला. एक बुडबुडा नाही, म्हणजे भोक नाही. पेचकसाच्या लाकडी मुठीने वाटीवर टकटक केलं की कणी जरा सरकायची आणि गळती थांबायची. "झायला बरा!" म्हणून तो हसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब थेंब. पनवेलच्या काशिराम मिस्त्रीने सांगितलं, सुई झिजली, मुंबईहून नवी आण. नवी सुई आली. दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे! मी आतून ओरडत होतो, पण यंत्राचं ऐकतो कोण?

तशात गावातल्या बुधाजीच्या मुलीची हळद आली. "थेंबभर गळतंय, डबा लावू खाली," दयाराम म्हणाला. पण गळणारं सगळं पेट्रोल डब्यात थोडंच पडत होतं? ते माझ्या पोटातही उतरत होतं आणि वंगणाचं तेल पातळ करत होतं. मांडवात हळद लागत असतानाच माझा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आत जाम झाला. धाडकन् काळोख. नवरी किंचाळली. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, "अपशकून झायला गो!" बुधाजी तर दयारामच्या अंगावरच धावून गेला. त्यानंतर आम्हाला कुणी मांडवात उभं केलं नाही.

मला विकायला काढायचं ठरलं. सुटे भाग करताना दयारामने सुईची बैठकही खोलली, आजवर कधी न खोललेली. आतून कणी निघाली. अजून पिवळी होती. दयारामने ती तळहातावर घेतली आणि त्याला भाऊबीजेचं ताट आठवलं.

तेवढ्यात शकू आली. "बा, काय गावलं?"

बापाने ती पेट्रोलात भिजलेली कणी पटकन तोंडात टाकली आणि गिळली.

"काय नाय गो. म्हातारा झायला तो, दुसरं काय!"

पुढच्याच आठवड्यात मावशी शकूला न्यायला आली. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. दयारामला मिठागराच्या कामावर परत जायचं होतं. निघताना पोर माझ्याजवळ बसली आणि माझ्या रिकाम्या टाकीला गाल लावून हळूच म्हणाली, "भाऊ, आता तू तरी बाजवळ ऱ्हा."

त्याच दुपारी भंगारवाल्याची गाडी दारात आली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं यंत्र असेल तर पेट्रोल गाळून घाला, आणि जाळी फाटली असेल तर सवडीची वाट पाहू नका, आजच बसवा. बोटभर जाळी ती! तिच्यापायी एक बाप एका गावाला गेला आणि त्याची लेक दुसऱ्या.