दुपट्याचं वजन

बाळानं तराजूच्या पाटीतच शू केली, म्हणून नर्सबाईंनी त्याचं दुपटं सोडलं. एरवी थंडीत त्या बाळांना दुपट्यासकट तोलत आणि कापडाचं वजन अंदाजानं वजा करत. दुपटं फरशीवर पडलं ते खणकन वाजलं. तराजूचा काटा झरकन मागे आला.

नर्सबाईंनी दुपट्याची किनार चाचपली. आत गिरणीतल्या लोखंडी चकत्या ओळीनं शिवल्या होत्या. टाके मोठे सुबक होते. पाटीत उरलं होतं ते नुसतं हाडांचं पिल्लू. रडायचंसुद्धा त्याच्या जिवावर आलं होतं.

"हे काय गं?"

बाळाची आई मान खाली घालून उभी राहिली. बोलली तिची सासू.

"तिला बोलू नका, बाई. मीच शिवल्यात. वजन उतरलं की तुम्ही पोर इस्पितळात नेता. थोरल्या सुनेचं नेलंत. आणायला दोघं गेले, ते हात हलवत परत आले."

"अहो आजी, वजन भरलं म्हणून तर मी याचं दूध बंद केलं. इथलं दूध अशक्त बाळांनाच मिळतं."

म्हातारीनं दुपट्याची किनार मुठीत धरली.

"तुम्ही तर हसून म्हणालात, शाबास, आता याला गरज नाही. आम्हाला वाटलं, बाई खूश झाल्या. म्हणून मग आणखी दोन घातल्या."

या वस्तीतली बाळं कशी बाळसं धरतायत, असं डॉक्टर परवाच चारचौघांत म्हणाले होते. नर्सबाई मान वर न करता बाटली भरायला वळल्या. त्यांनी बाटलीचं रबरी बूच बाळाच्या ओठांना लावलं. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. आईनं ते पदरानं टिपलं, आणि मग पदराचं ते टोक पिळून पुन्हा त्याच्या तोंडात धरलं.

बाकांवर बायका बाळं घेऊन बसल्या होत्या. इस्पितळात कुणालाही नेणार नाही, असं नर्सबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्यांच्या हातात नव्हतं.

"आजपासून दुपटी काढून वजन होईल," त्या एवढंच म्हणाल्या.

"थंडी किती आहे, बाई," कुणीतरी हसल्यासारखं केलं.

एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली. मग तिच्या शेजारची. मग तिच्या पलीकडची. आणि दातांनी दोरे तोडल्याचे आवाज येऊ लागले.