जाळ्याला लागलेला हात

चेंडू हद्दीच्या दोरीच्या आत पडला आणि त्याच्यामागं झेपावलेला अब्राहाम वाळूत पालथा झाला. तोंडातली वाळू थुंकत तो हातांवर उठला, मग एका गुडघ्यावर. दुसरा गुडघा उठायचं नाव घेईना.

"ऊठ की," सावळाराम म्हणाला. "चौदा-चौदा झालं."

म्हणजे डाव आता पंधरावरही संपणार नव्हता. दोन गुण पुढं जाईल तो जिंकणार. तो गुणही सर्व्हिस आपली असेल तरच मिळायचा. अर्धा तास नुसती सर्व्हिस इकडून तिकडं जात होती. असले नियम ज्यानं केले, त्याला चैत्रातल्या दुपारी वडगाव रासाईच्या वाळवंटात अनवाणी उभा करायला हवा, असं अब्राहामच्या मनात आलं.

समोर निमोण्याचे विशीतले दोन गडी होते, आणि ते मोठे हुशार होते. तीन हातांत चेंडू पलीकडं धाडायचा आणि एकानं लागोपाठ दोनदा मारायचा नाही. म्हणजे दोघांच्या खेळात ज्याच्या अंगावर चेंडू येईल, त्यालाच तिसऱ्या हातालाही धावावं लागणार. ते प्रत्येक चेंडू अब्राहामच्या अंगावर घालत होते.

शिरूरच्या मिशन शाळेत दोघं मित्र हा व्हॉलीबॉलचा खेळ शिकले होते. भीमा आटली की गावोगावच्या जोड्या इथं यायच्या, आणि नऊ वर्षं ही जोडी हरली नव्हती. ज्या दिवशी हरू त्या दिवशी खेळ सोडायचा, असं सावळाराम एकदा हसत म्हणाला होता. अब्राहाम आता त्या दिवसाचीच वाट बघत होता. दिवसभर रंधा मारून संध्याकाळी त्याचा गुडघा टम्म फुगायचा. पण हे सावळारामला सांगायचं कसं? बायको धुरपदा वारल्यापासून हा माणूस हसायचा तो एवढ्या वाळूतच. आणि मुद्दाम हरायचं तर ते खोटं बोलण्यासारखंच. तेवढं अब्राहामला जमणारं नव्हतं.

पुढचा चेंडूही त्याच्या हातावरून बाहेर उडाला. पंधरा-चौदा, निमोण्याचे पुढं.

पुन्हा निमोण्याची सर्व्हिस आली. अब्राहामनं ती कशीबशी उचलली, सावळारामनं चेंडू वर चढवून दिला, आणि अब्राहामनं लंगडत येऊन तो पलीकडं ढकलला. तिथंच त्याचा पाय दुमडला आणि तो जाळ्याखाली बसला. चेंडू परत आला. सावळाराम उडाला आणि त्यानं असा फटका हाणला की निमोण्याचे गडी बघतच राहिले. चेंडू वाळूत रुतला. सर्व्हिस पुन्हा या दोघा मित्रांची झाली.

"वा रं पठ्ठ्या!" काठावरून कुणीतरी ओरडलं.

सावळारामनं वळून अब्राहामकडं पाहिलं. अब्राहाम दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरून बसला होता. सावळाराम क्षणभर थांबला, आणि त्यानं हात वर केला.

"लागला जाळ्याला."

या वाळूत पंच नसायचा. मासे धरायचं जुनं जाळं दोन बांबूंना बांधलेलं असायचं, आणि ज्याचा हात त्याला लागेल त्यानं आपणहून हात वर करायचा. त्याचा शब्द शेवटचा.

"मामा, आम्हाला तर न्हाई दिसला," निमोण्याचा एक गडी चाचरत म्हणाला.

"माझा हात मला कळत न्हाई व्हय? सोळा-चौदा. जिंकलात."

अब्राहाम खालूनच बघत होता. हात आणि जाळं यांच्यामध्ये चांगलं वीतभर आभाळ होतं. तो गुडघ्यावरची वाळू झटकू लागला.

लोक पांगल्यावर सावळारामनं त्याला खांद्याचा आधार देऊन पाण्यापाशी आणलं. अब्राहामनं पाण्यात पाय सोडले.

"सावळा, तुझा हात लागला नव्हता."

"मग तवाच का न्हाई बोललास?"

अब्राहाम ओल्या वाळूत बोटानं रेघा ओढत राहिला.

"गुडघा लई दुखतोय रे," शेवटी तो म्हणाला.

"मला ठावं हाय," सावळाराम म्हणाला. "तू कवा सांगतोस, त्याची वाट बघत हुतो."

मग तोही धोतर सावरून पाण्यात पाय सोडून बसला.