वस्तीतर्फे मामा

"बसा की मामा. उभे काय राहिलात?"

शेजारच्या शिंपिणीनं बाही ओढली तेव्हा मामा खुर्चीच्या कडेला टेकला. पाचव्या मजल्यावरच्या या सभागृहात तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. दारापर्यंत मात्र त्यानं अख्ख्या गावाला आणून सोडलं होतं. या कचेरीची लिफ्ट चालवता चालवता त्याचे केस पिकले, आणि तो निवृत्त झाल्यावर ती जागाच रद्द झाली.

आजची सुनावणी दवाखान्याची होती. वस्तीच्या तोंडाशी असलेला सरकारी दवाखाना हमरस्त्यापलीकडे न्यायचा आणि त्या जागी समोरच्या टॉवरवाल्यांच्या गाड्या लावायच्या, असा बेत होता. कायद्यानं वस्तीचं म्हणणं ऐकणं भाग होतं. मामाच्या बायकोच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. एक दिवसाआड तिला ड्रेसिंगला जावं लागे, आणि हमरस्ता ओलांडणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

वस्तीनं बोलायला मामाला निवडलं, तेही रीतसर हात वर करून. मामाची साहेबलोकांत ऊठबस आहे, असं सगळ्यांना वाटे. ऊठबस कसली, नुसती ऊठच. बसायला कुणी सांगितलंच नव्हतं. पण ओट्यावर रंगवून सांगितलेल्या गोष्टी आता अंगाशी आल्या होत्या.

"अहो, 'माफ करा साहेब'नं सुरुवात नका करू हं," बायको कानाशी पुटपुटली. "आपण काही चोरी केली नाही."

टॉवरवाल्यांना घाई होती म्हणून ते आधी बोलले. काठी टेकत एक काका उठले. "दवाखान्याला आमचा विरोध नाहीच. गरिबांची सोय व्हायलाच हवी. फक्त तिथं नको." सुनावणी घेणारे साहेब मान डोलवत होते. दोघं एकाच शाळेत शिकल्यासारखे एकमेकांना अर्ध्या वाक्यात समजत होते.

"वस्तीतर्फे कोण?"

मामा उठला. पाठ केलेलं सगळं ओठांवर आलं.

"अरे, मामा! तुम्ही!" साहेब खरोखरच खूश झाले. "तुम्ही गेल्यापासून लिफ्टचे हाल आहेत बघा. मध्येच अडकते. आलाच आहात, तर या काकांना जरा गाडीपर्यंत सोडून या ना. तुमचा हात लागला की चालते ती."

यात साहेबांचा काही डाव होता, असं मला वाटत नाही. डाव असता तर मामाला कळला असता; तो काही खुळा नव्हता.

"हो साहेब," तो म्हणाला आणि काकांसाठी दार धरलं.

लिफ्ट निम्म्यावर आली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आपण काय करून बसलो!

"कुठं राहता तुम्ही?" काकांनी आपुलकीनं विचारलं.

"तिथंच. दवाखान्यापाशी."

"अरे वा, म्हणजे शेजारीच की!"

त्यांना गाडीत बसवून मामा धावत परतला. लिफ्ट वर निघून गेली होती. धापा टाकत तो जिन्यानं पोचला, तर वस्तीचे लोक बाहेर पडत होते.

"मामी उठल्या होत्या हो," शिंपीण म्हणाली. "ते येईपर्यंत मी बोलते, म्हणाल्या. पण नाव तुमचं एकट्याचंच दिलेलं. साहेब थांबले थोडा वेळ. मग लिहून टाकलं, वस्तीची हरकत नाही."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"येऊ देत आता मतं मागायला," कुणीतरी म्हणालं.

"आले तरी जायचंय कुणाला मत द्यायला?" शिंपीण म्हणाली.

बायको लिफ्टकडे न बघता जिन्याकडे वळली. दुखरा पाय आधी खाली, मग दुसरा. मामा मागोमाग निघाला.

"अगं, मी..."

"राहू द्या."

पहिल्याच वळणावर ती दम खायला थांबली. मामानं हात पुढं केला. तिनं त्या हाताकडे नुसतं बघितलं, आणि मग धरला. अजून बराच जिना उतरायचा होता.